चित्राची जागा आधीं राखावी

छापखान्यांत खिळे जुळवून पानें बांधीत त्या काळीं चित्राचा ब्लॉक वेळेवर आला नाहीं म्हणून जुळाऱ्याचें काम अडत नसे. ब्लॉक किती रुंद व किती उंच होणार, एवढें त्यास कळलें म्हणजे पुरे. तेवढी जागा मोकळी राखून तो खालचा मजकूर जुळवी, आणि ब्लॉक मागाहून आला कीं तो त्या जागीं नेमका बसे. एकहि ओळ हलवावी लागत नसे. काशिनाथ रघुनाथ मित्र ह्यांनीं 1895 सालीं सुरू केलेलें 'मनोरंजन' आणि त्याचा 1909 चा दिवाळी अंक ह्यांचा उल्लेख सचित्र मराठी मासिकांच्या गोष्टींत नेहमीं होतो. चित्र आणि मजकूर एका पानावर गुण्यागोविंदानें नांदावयाचे, तर जागेचा हा हिशेब कोणीतरी आधीं करावाच लागतो.

आज आपल्या घरोघरीं होणाऱ्या वाचनाचा मोठा भाग मोबाइलच्या कांचेवर होतो. तेथील पान बांधून तयार असें आपल्याकडे येत नाहीं. तें वाचकाच्या हातांतच बांधलें जातें. मजकूर हलका, म्हणून तो आधीं पोंचतो. चित्रें जड, म्हणून तीं रेंगाळत येतात. मोबाइलमधील ब्राउझर हाच येथला जुळारी. चित्राचें माप त्यास आधीं सांगितलें असेल, तर तो जागा राखून ठेवतो. सांगितलें नसेल, तर चित्रासाठीं कांहींच जागा न सोडतां तो खालचा मजकूर वर ओढून घेतो, आणि चित्र येऊन दाखल होतांच सर्व मजकूर एकदम खालीं ढकलतो. वाचणाऱ्याची ओळ हरवते. वृद्ध माणसें अक्षर मोठें करून वाचतात. त्यांस ती ओळ पुन्हां सांपडावयास बराच वेळ लागतो.

पण गोष्ट ओळ हरवण्यावरच थांबत नाहीं. आमच्या सेनगांवीं शेजारचा एक विद्यार्थी एका संस्थेच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत होता. मुदतीचा शेवटचा दिवस, संध्याकाळची वेळ, आणि त्या वेळेस येथें नेटची गति जेमतेमच. 'अर्ज पाठवा' ह्या बटणावर त्यानें बोट टेकविलें, त्याच क्षणीं पानाच्या माथ्यावरचें एक भलें मोठें चित्र येऊन पोंचलें. पान खालीं सरकलें, आणि वरच्या बाजूस असलेलें 'सर्व पुसा' हें बटण बोटाखालीं आलें. तासाभराचें लिहिणें नाहींसें झालें. रात्रीं उशिरापर्यंत बसून त्यानें तें पुन्हां भरलें म्हणून निभावलें. तें चित्र केवळ शोभेचें होतें. त्यांत काय होतें हेंहि त्यास आतां सांगतां येत नाहीं. शोभेच्या चित्रापायीं मुलाचें वर्ष जाण्याची वेळ यावी, ही गोष्ट हंसून सोडण्याजोगी नव्हे.

आणि हा दोष दूर करावयास लागतात ते अवघे दोन आंकडे. माझ्या पुतण्याचा मुलगा पुण्यास राहून जुनीं संकेतस्थळें नव्यानें लिहून देण्याचें काम करितो. तो सुट्टींत घरीं आला असतां मीं हा विषय काढला.

"आजोबा," तो म्हणाला, "पानाच्या कोडांत प्रत्येक चित्रासाठीं एक खूण असते. तिच्यांत चित्राचें नांव लिहावंच लागतं. रुंदी आणि उंची लिहिली तर चांगलं. पण नाहीं लिहिली तरी पान अडत नाहीं. म्हणून पुष्कळजण लिहीत नाहींत."

"मग तूं जुनें पान नव्यानें लिहितोस तेव्हां हजारभर चित्रांचीं मापें आणतोस कोठून? पट्टी लावून?"

"चित्राच्या पोटांतून. प्रत्येक फाइलीच्या आरंभाच्या भागांत तिचं माप लिहिलेलं असतं. चित्र उघडून पाहावंसुद्धां लागत नाहीं."

त्याच्याकडून समजून घेतलेलें आणि पुढें मीं स्वतः ताडून पाहिलेलें असें जें आहे, तें येथें क्रमानें देतों. ज्यांच्या घरांत कोणी ह्या धंद्यांत आहे, किंवा शाळेचें, देवस्थानाचें वा कुळाचें संकेतस्थळ कोणी हौसेनें चालवितो, त्यांस तें उपयोगी पडेल.

प्रथम थोडा इतिहास. वेबपानांत चित्र घालण्यासाठीं 'आयएमजी' नांवाची खूण असावी, ही सूचना मार्क अँड्रीसन ह्या अमेरिकन तरुणानें 25 फेब्रुवारी 1993 रोजीं मांडली. वेबपानें ज्या भाषेंत लिहितात तिला एचटीएमएल म्हणतात. तिची दुसरी आवृत्ति 1995 च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाली, तिच्यांतहि चित्राच्या मापाची तरतूद नव्हती. 14 जानेवारी 1997 रोजीं मान्य झालेल्या 3.2 ह्या आवृत्तींत 'विड्थ' म्हणजे रुंदी व 'हाइट' म्हणजे उंची हीं दोन पदें अधिकृतपणें आलीं. नेटची गति मंद होती त्या काळीं लिहिणारे तीं काळजीपूर्वक लिहीत.

पुढें 2010 च्या सुमारास मोबाइलच्या अरुंद पडद्यांसाठीं पान लवचिक करण्याची पद्धति निघाली. चित्र 1200 ठिपके रुंद आहे असें कोडांत लिहिलें, आणि मोबाइलची रुंदी 360 ठिपके असली, तर चित्र पडद्याबाहेर सांडणार. म्हणून आंकडेच अडचणीचे ठरून ते काढून टाकण्याची चाल पडली. आंकडे गेले, त्यांच्याबरोबर राखलेली जागाहि गेली. 2019 च्या डिसेंबरांत फायरफॉक्सच्या 71 व्या व क्रोमच्या 79 व्या आवृत्तीनें ह्यावर तोड काढली. ते दोन आंकडे आज्ञा म्हणून न मानतां गुणोत्तर म्हणून मानावयाचे, असें ठरलें. जुना नियम जाचक वाटला म्हणून टाकून दिला, आणि त्याचा खरा हेतु कळल्यावर तोच पुन्हां घरांत घेतला, असा हा प्रकार आहे. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस तो कांहीं नवा नाहीं.

गुणोत्तराचें गणित आपल्या मुलांस शाळेंत येतेंच. भास्कराचार्यांनीं 1150 सालीं रचिलेल्या लीलावतींत त्रैराशिक आहे: फल आणि इच्छा ह्यांचा गुणाकार करून त्यास प्रमाणानें भागावें. मूळ चित्र 1200 ठिपके रुंद व 800 ठिपके उंच असलें, आणि मोबाइलवर त्याच्या वाट्यास 360 ठिपके रुंदी आली, तर प्रमाण 1200, फल 800 आणि इच्छा 360. 800 गुणिले 360, भागिले 1200, उत्तर 240. चित्राचा एक ठिपकाहि आलेला नसतां ब्राउझर 240 ठिपके उंचीची जागा राखूं शकतो, तो ह्या त्रैराशिकाच्या बळावर. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत मूर्तीचें माप असेंच गाभाऱ्याच्या दारावरून काढावयास सांगितलें आहे: दाराच्या उंचींतून आठवा भाग वजा करावा, उरलेल्याचे तीन भाग करावे, एक भाग पीठास व दोन भाग मूर्तीस द्यावे. दार आठ हात असेल तर मूर्ति चार हात व दोन तृतीयांश. दार लहान झालें तर मूर्तीचें मापहि त्याच प्रमाणांत लहान होतें. मोबाइलचा पडदा हें दारच समजावें.

जागा राखली नाहीं तर होणाऱ्या हानीचें मापहि आतां ठरलें आहे. गूगलनें मे 2020 मध्यें पानाची प्रकृति तपासण्यासाठीं तीन कसोट्या जाहीर केल्या. त्यांपैकीं एक पान किती हलतें ही होती. हललेल्या मजकुरानें पडद्याचा किती भाग व्यापला आणि तो किती अंतर सरकला, ह्या दोन अपूर्णांकांचा गुणाकार करावयाचा. एकंदर आंकडा 0.1 पर्यंत असला तर पान चांगलें; 0.25 च्या वर गेला तर वाईट. आपलें वरचेंच उदाहरण घ्या. मोबाइलचा पडदा 360 रुंद व 640 उंच आहे, तो सबंध मजकुरानें भरलेला आहे, आणि माथ्यावर 240 उंचीचें चित्र अवचित आलें. व्याप 1, अंतर 240 भागिले 640 म्हणजे 0.375, गुणाकार 0.375. एका चित्रानें पान नापास झालें.

आतां मुख्य प्रश्न: माप सांपडतें कोठें? फाइल म्हणजे बाइटांची रांग. एक बाइट म्हणजे 0 ते 255 ह्यांमधील एक आंकडा. चित्रांच्या निरनिराळ्या जातींत माप निरनिराळ्या ठिकाणीं असतें.

पीएनजी जातीचें चित्र सर्वांत सरळ. पहिले सोळा बाइट ओळखीचे व नांवनिशीचे. सतराव्यापासून विसाव्यापर्यंत रुंदी, एकविसाव्यापासून चोविसाव्यापर्यंत उंची. रुंदी 640 असेल तर 0, 0, 2, 128 असे चार आंकडे दिसतील, कारण 2 गुणिले 256 अधिक 128 म्हणजे 640. फाइल केवढीहि मोठी असो, पहिले चोवीस बाइट वाचले कीं काम झालें.

जीआयएफ जातींत पहिले सहा बाइट नांवाचे. मग दोन रुंदीचे, दोन उंचीचे. परंतु येथें क्रम उलटा आहे: लहान स्थान आधीं, मोठें मागून. तीच 640 रुंदी येथें 128, 2 अशी लिहिलेली सांपडेल. आपल्याकडे शब्दांनीं अंक सांगण्याच्या शास्त्रीय रीतींत हाच क्रम आहे. 'नेत्र-चंद्र' म्हटलें कीं नेत्र दोन व चंद्र एक, पण संख्या एकवीस नव्हे, बारा; कारण एकंस्थान आधीं सांगावयाचें. ज्यास ही रीत ठाऊक आहे त्यास जीआयएफचा क्रम चमत्कारिक वाटणार नाहीं.

जेपीईजी ही छायाचित्रांची जात, आणि सर्वांत फसवी. हिच्यांत मापाचें ठिकाण ठरलेलें नसतें. फाइलीचे अनेक खंड असतात. प्रत्येक खंडाच्या आरंभीं 255 आणि एक खुणेचा आंकडा असतो. ती खूण बहुधा 192 किंवा 194 असलेल्या खंडांत माप असतें, आणि तेथें रुंदीच्या आधीं उंची लिहिलेली असते. उतावळा माणूस सबंध फाइलींत 255 व 192 ही जोडी शोधीत सुटतो, आणि तेथेंच फसतो. कारण कॅमेऱ्यानें काढलेल्या छायाचित्राच्या पोटांत त्याचीच एक चिमुकली प्रत ठेवलेली असते. तिचें माप आधीं हातीं लागतें, आणि मोठ्या चित्रास बोटभर जागा राखली जाते. ह्यावर उपाय एकच: प्रत्येक खंडाच्या आरंभीं त्याची लांबी दिलेली असते, ती वाचून खंडामागून खंड ओलांडीत जावें, मध्येंच उडी मारूं नये.

दुसरा फसवा प्रकार आडव्या-उभ्याचा. मोबाइल उभा धरून काढलेलें छायाचित्र पुष्कळदां फाइलींत आडवेंच साठविलेलें असतें, आणि 'हें चौथाई फिरवून दाखवावें' अशी सूचना शेजारीं लिहिलेली असते. ती सूचना 1 ते 8 ह्या आंकड्यांनीं देतात. 5 पासून 8 पर्यंतचा आंकडा असला तर रुंदी व उंची ह्यांची अदलाबदल करावी लागते. 2020 पासून प्रमुख ब्राउझर ही सूचना आपण होऊन पाळतात. परंतु कोड लिहिणारानें ती पाहिली नाहीं, तर उभ्या चित्रासाठीं आडवी जागा राखली जाते. पीएचपी भाषेंतील 'गेटइमेजसाइज' ही सोय माप देते, पण ह्या सूचनेप्रमाणें अदलाबदल करीत नाहीं. पायथन भाषेंतील 'पिलो' ह्या साधनानें चित्र सबंध न उलगडतां माप कळतें. तेथेंहि सूचना निराळी वाचावी लागते. एसव्हीजी ही रेखाचित्रांची जात. तिच्यांत ठिपके नसतातच. 'व्ह्यूबॉक्स' ह्या नांवाखालीं चार आंकडे असतात, त्यांतील शेवटचे दोन गुणोत्तर सांगतात.

हें काम महाराष्ट्रांतील वाचकांस रोज, पण नकळत, घडतांना पाहावयाचें असेल तर त्यांनीं मराठी विकिपीडिया उघडावा. 1 मे 2003 रोजीं त्याचा आरंभ झाला. लेखांत चित्र घालतांना 'चित्र' असें लिहून फाइलीचें नांव द्यावयाचें, आणि पुढें 'इवलेसे' हा गोड शब्द लिहिला कीं चित्र लहान आकारांत येतें. समजा, कोणीं औंढा नागनाथाच्या देवळाचें 3000 रुंद व 2000 उंच असें छायाचित्र चढविलें, आणि लेखांत तें 250 रुंदीचें मागितलें. उंची किती, हें लिहिणारास सांगावें लागत नाहीं. चित्र चढविलें त्याच वेळीं यंत्रानें त्याचें माप घेऊन नोंदवहींत उतरून ठेवलेलें असतें. पान तयार करितांना त्या नोंदीवरून त्रैराशिक होतें, 166 व दोन तृतीयांश हें उत्तर पूर्णांकांत 167 होतें, आणि 250 व 167 हे दोन्ही आंकडे कोडांत आपोआप लिहिले जातात. लेख लिहिणारा प्राध्यापक असो कीं शाळकरी मुलगा, त्याच्या लेखांत चित्रासाठीं जागा राखली जातेच. शिस्त माणसाच्या आठवणीवर न सोंपवितां व्यवस्थेंत बसविली, म्हणजे असा लाभ होतो. 2010 सालीं गूगलनेंहि 'मॉड-पेजस्पीड' नांवाचें साधन काढलें होतें. पान निघतांना वाटेंतच तें पुन्हां लिहून चित्रांचीं मापें घालण्याची सोय त्यांत होती.

जुनीं पानें नव्यानें लिहिणारानें कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम सर्व पानांतील चित्रांच्या खुणा यंत्राकडून शोधवून यादी करावी. हातानें शोधलेली यादी अपुरी राहते. ज्या खुणेंत दोन्ही मापें आहेत तेथें त्यांचें गुणोत्तर मूळ चित्राशीं ताडून पाहावें. जुळलें तर हात लावूं नये, कारण लहान आकार लिहिणारानें हेतुपूर्वक निवडलेला असूं शकतो. एकच माप असेल तर दुसरें त्रैराशिकानें काढावें. एकहि नसेल तर फाइलींतून वाचावें. आंकडा नुसता लिहावा. त्यापुढें 'पीएक्स' किंवा टक्क्याची खूण जोडूं नये. वाचलेलें प्रत्येक माप एका तक्त्यांत टिपून ठेवावें, म्हणजे तेंच चित्र दहा पानांत आलें तरी दहादां मोजावें लागत नाहीं. मात्र चित्र बदललें कीं तक्त्यांतील नोंदहि बदलावी. मांडणीच्या नियमांत चित्राची रुंदी पडद्यापुरती मर्यादित केली असेल, तर उंची 'ऑटो' ठेवण्यास विसरूं नये. नाहींतर रुंदी आक्रसते, उंची तशीच राहते, आणि आजोबांचें छायाचित्र काठीसारखें लांबट दिसूं लागतें. जाहिरातीसारखें रोज बदलणारें चित्र असेल तर त्याचें माप आधीं कळणें शक्य नसतें. तेथें ठराविक उंचीची चौकट राखावी आणि येणाऱ्या चित्रानें तींत मावावें.

कोणी म्हणेल, शहरांत नेट इतकें वेगवान् आहे कीं चित्र व मजकूर एकदमच येतात. मग ही यातायात कशासाठीं? जो लिहितो तो बहुधा शहरांत बसून वेगवान् यंत्रावर आपलें पान पाहतो, म्हणून त्यास हा दोष दिसत नाहीं. तो दिसतो सेनगांवासारख्या ठिकाणीं, संध्याकाळीं, मुदतीच्या शेवटच्या दिवशीं. पंगतींत पाहुणा उशिरा येणार असला तरी त्याचें पान आधीं मांडून ठेवतात, तें बसलेल्यांस उठावें लागूं नये म्हणून. घरांतील जो मुलगा अगर जी मुलगी हें काम करीत असेल, तिला अगर त्याला वडीलधाऱ्यांनीं एवढेंच विचारावें: "तुझ्या पानावरच्या प्रत्येक चित्राची रुंदी आणि उंची लिहिली आहेस ना?" उत्तर नकारार्थी आलें, तर कामास लागावयास संध्याकाळपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं.